स्लॅबवरचे कॅन आणि वरची हवा

आमच्या दूध सोसायटीच्या स्लॅबवर एक पांढरी अँटेना आहे, उलट्या पातेल्याएवढी. रोज सकाळी मी तिच्यावरची धूळ फडक्याने पुसतो. फडकं कोरडंच, कारण पाणी टँकरचं. संध्याकाळी बघावं तर तेवढीच धूळ परत बसलेली! किश्शांचंही तसंच झालंय. एक सांगून होत नाही तोवर दुसरा घडतो. इतके साठलेत की आता झटकले नाहीत तर माझाच सिग्नल बंद पडेल.

बीड जिल्ह्यात उमापूरहून आत गेलं की आमचं गाव. मी तिथे त्या अँटेनाचा ऑपरेटर आहे. ऑपरेटर म्हणजे खाली ऑफिसात एक पेटी आहे, पेटीला लॅपटॉप आहे, आणि पेटीवरचा हिरवा दिवा विझू नये म्हणून जिवाला घोर लावून घेणारा माणूस!

*

ही अँटेना आमच्याकडे आली तीच एका भाषांतरामुळे.

मॅडम सोसायटीच्या सभेत आल्या होत्या. शास्त्रज्ञ आहेत. त्यांनी नीट सावकाश सांगितलं. एक उपग्रह रोज अकराच्या सुमारास आपल्यावरून जातो. शंभर किलोमीटरच्या वर जी विरळ हवा आहे, ती उन्हात एक प्रकारचा प्रकाश सोडते. त्याला अतिनील म्हणतात. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही, आणि खालची हवा तो पिऊन टाकते म्हणून जमिनीवर पोचतही नाही. तो फक्त वरूनच बघता येतो. उपग्रह जे वरून बघतो ते बरोबर आहे का, हे ताडून बघायला खाली एक यंत्र लागतं. तुमचा स्लॅब सपाट आहे, आभाळ मोकळं आहे, जनरेटर आहे. जागा द्याल का?

मागून एकाने विचारलं, "पाऊस कळंल का?"

मॅडम म्हणाल्या, "नाही हो. हा ढगांच्या खूप वरची हवा बघतो. ढगांचा आणि त्याचा संबंध नाही."

सभेत कुजबूज सुरू झाली. सलग दुसरं वर्ष कोरडं चाललेलं. पाऊस कळत नसेल तर लोकांना त्या पातेल्याचं काय करायचं होतं? तेवढ्यात आमचे चेअरमन नाना उठले आणि हात वर करून म्हणाले, "ऐका! मॅडम म्हणत्यात, ह्येला ढगाच्या बी वरचं दिसतं!"

टाळ्या! ठराव एकमताने मंजूर!

तेव्हापासून गावातला प्रत्येक माणूस मला एकच प्रश्न विचारतो, "ढगाच्या वरचं दिसतं, मंग ढग कावून दिसत न्हाई बे?"

*

माझी निवड कशी झाली तेही सांगतो.

मॅडमनी आम्हा पाच पोरांना ऑफिसात बोलावलं. चौघं बारावीच्या पुढचे. एक तर बीडला क्लास लावून आलेला. मला विचारलं, "शिक्षण?"

"नववी."

"नापास?"

"नाही मॅडम. सोडली." ऊसतोडीला आई-दादांबरोबर माजलगावकडे जायचो, तिकडून परत येईपर्यंत शाळा पुढे निघून जायची, हे सगळं सांगायचं होतं. पण तेवढंच बोललो.

मग मॅडमनी सगळ्यांना विचारलं, "आत्ता किती वाजले?"

चौघांनी भिंतीवर बघितलं आणि सांगितलं, "दहा चाळीस."

मी नानांकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "तू सांग."

"दहा तीस, मॅडम. ते घड्याळ दहा मिनिटं पुढं आहे. नानांनी मुद्दाम ठेवलंय. नाहीतर लोक दूध उशिरा आणतात."

गावात हे सगळ्यांनाच माहीत होतं, पण पाहुण्यांसमोर नानांच्या घड्याळाला खोटं कोण म्हणणार? नानांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, गेलं काम!

मॅडम म्हणाल्या, "हाच मुलगा हवा."

वर्षाची बोली ठरली. वर्षभर नोंदी स्वच्छ आल्या तर स्टेशन कायमचं इथे, आणि मीही. नाही आल्या तर अँटेना बीडच्या एका कॉलेजच्या गच्चीवर जाणार आणि मी परत कोयत्यावर. त्या वर्षी आई पहिल्यांदा तोडीला गेली नव्हती. माझ्या कामाच्या भरवशावर घरी राहिली होती. पेटीवरच्या हिरव्या दिव्याकडे बघताना मला नेहमी तेच दिसायचं.

बाकी आमच्या ऑफिसात तेव्हापासून तीन वेळा चालतात. नानांची, खरी, आणि लॅपटॉपवरची ग्रीनिचची, जी साडेपाच तास मागे असते. दुधाची फॅट बघणारे गफूरभाई म्हणतात, "नानाकी घडी में दूध लेट है, मिलिंद की घडी में दूध अभी आयाच नहीं!"

*

उपग्रह नेमकं काय बघतो हे गावाला समजावणं माझ्याने होत नव्हतं. मॅडमनी सांगितलेलं मला कळायचं, पण माझ्या तोंडून बाहेर पडताना त्याचा भुगा व्हायचा.

एकदा चंद्रकला मावशी दूध घालायला आल्या होत्या. दोन म्हशी, एकटी बाई, आणि जिभेला हाड नाही. मला म्हणाल्या, "मिलिंदा, त्यो वरनं जातुय, त्यो करतुय काय रं नेमकं?"

मी म्हणालो, "मावशी, वरच्या हवेत ऑक्सिजन असतो, नायट्रोजन असतो. दोघांचा अतिनील प्रकाश वेगवेगळा. तो प्रकाश मोजला की कोण किती आहे ते कळतं. हात न लावता, हवा बाटलीत न भरता."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. गफूरभाई मशीनमध्ये दुधाचा नमुना घालत होते. मान वर न करता म्हणाले, "हवेची फॅट काढतो, मावशी."

"असं व्हय!" मावशींचा चेहरा उजळला. "मंग सरळ सांग की!"

तीन महिने मला जे जमलं नव्हतं ते गफूरभाईंनी चार शब्दांत केलं. मी फोनवर मॅडमना हे सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की म्हणाल्या, मी आता विद्यार्थ्यांनाही असंच शिकवणार.

त्या दिवशी मावशी मात्र कॅनजवळ थांबल्याच होत्या. जाता जाता म्हणाल्या, "फॅट काढतुय ते ठीक हाय. पर त्यात पाणी कोण घालतंय, ते धरतुय का?"

*

पुढचा किस्सा हसण्यासारखा नाही, पण यादीतून गाळवतही नाही.

जानेवारी सरत आला तशी विहीर तळाला गेली. जनावरांची चारा छावणी उघडणार की नाही याचा पत्ता नव्हता. एका सकाळी मावशी दूध घालून झाल्यावर माझ्या टेबलाशी येऊन बसल्या. त्या दिवशी थट्टा नव्हती.

"मिलिंदा, एक म्हैस इकावी म्हणते. गिऱ्हाईक आलंय. पर वळवाचा पाऊस लवकर येणार आसंल तर दम काढीन. तुज्या मशीनला इचार की एकडाव."

"मावशी, याला पावसातलं कळत नाही. खरंच."

"आरं, कुणाला सांगत न्हाई मी. तुला सांगायची मनाई आसंल तर नुसती मान हलीव."

मी मान हलवावी कशी? हो म्हणून हलवली तरी खोटं, नाही म्हणून हलवली तरी खोटं. मान आखडून बसलो. खाली मान घालून तसाच, पुतळ्यासारखा!

मावशींनी थोडा वेळ वाट बघितली. मग पदर सावरून उठल्या. "समजलं. तू गप बसलास म्हंजी न्हाईच."

दुपारी म्हैस गेली. त्या दिवसापासून मी लोकांसमोर गप्प बसायलाही घाबरतो.

*

मार्चमध्ये मॅडमचा फोन आला. आवाज वेगळाच.

"मिलिंद, एक विचित्र गोष्ट दिसतेय. उपग्रह म्हणतो, तुमच्यावरची हवा शांत आहे. आणि तुझी पेटी म्हणते, रोज दहा ते चार वर खळबळ आहे. रोज! रविवारीसुद्धा."

पेटीचं काम असं. फोनला रस्ता दाखवणारे जे उपग्रह असतात, त्यांचे सिग्नल आमची अँटेना ऐकते. वरच्या थरात विजेचे कण जास्त असले की सिग्नल किंचित उशिरा पोचतो. त्या उशिरावरून वर काय चाललंय ते कळतं. एक वरून बघणारा, एक खालून ऐकणारा. दोघांची साक्ष जुळली पाहिजे.

"इथे दोन मतं आहेत," मॅडम म्हणाल्या. "माझं म्हणणं, हे काहीतरी नवीन आहे. आमच्या मोठ्या सरांचं म्हणणं, एक तर उपग्रह चुकतोय नाहीतर मिलिंद."

उपग्रह किती मोठा, किती मोठ्या लोकांनी सोडलेला! आणि दुसऱ्या पारड्यात मी? मला जेवण गेलं नाही.

मी सगळं तपासलं. वायर तपासली, जनरेटर तपासला, कबुतराचं घरटं काढलं. कबुतराचीही क्षमा मागितली. दहा ते चार खळबळ चालूच!

गफूरभाई म्हणाले, "तेरे पेट में है वो खळबळ. मशीन पकड रही है."

*

एप्रिलमध्ये मॅडमचा पुन्हा फोन. आता त्या खूश होत्या.

"जानेवारीपासून ती खळबळ कमी होत चाललीय! दर महिन्याला थोडी थोडी. वरचा थर शांत होतोय, मिलिंद. मी यावर बोलणार आहे, पुढच्या महिन्यात, मोठ्या सभेत."

मी फोन ठेवला आणि अँटेना पुसायला स्लॅबवर गेलो. दहा वाजले होते. टेम्पो रिकामे कॅन टाकून गेला होता. गफूरभाई ते उपडे मांडत होते, अँटेनाभोवती, कारण सगळ्यात चांगलं ऊन तिथेच. पूर्वी कॅन उकळत्या पाण्याने धुवायचे. गेल्या वर्षी टँकर सुरू झाल्यापासून कॅन फक्त विसळायचे आणि दिवसभर उन्हात तापवायचे, म्हणजे दूध नासत नाही.

मी सहज म्हणालो, "गफूरभाई, आज थोडेच आहेत."

"अकरा. दिवाळीत चौतीस होते. जनावरंच ऱ्हायली न्हाईत, दूध कुठून येणार?"

मी फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिलो. चौतीस. मग सव्वीस. मग एकोणीस. आता अकरा. अ‍ॅल्युमिनियमचे, चकचकीत. सिग्नल सरळ अँटेनावर येतो, आणि तोच कॅनवर आपटून पुन्हा येतो, जरासा उशिरा. पेटीला वाटतं, उशीर वर झाला!

खळबळ वरच्या थरात नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी मी गफूरभाईंना विनवून सगळे कॅन समोरच्या अंगणात मांडायला लावले. संध्याकाळी मॅडमचा फोन, "आज एकदम सपाट रेघ! तिकडे काही केलंस का?"

"नाही मॅडम," मी म्हणालो.

का म्हणालो? माझं रोजचं एक रजिस्टर असतं. त्यात एक रकाना आहे, "अँटेनाजवळ वस्तू ठेवली आहे का?" सात महिने मी रोज तिथे "नाही" लिहून सही केली होती. कॅनना वळसा घालून अँटेनापाशी जायचो, धूळ पुसायचो, खाली येऊन "नाही" लिहायचो! खोटं लिहायचं म्हणून नाही. दूध सोसायटीच्या स्लॅबवर कॅन असणारच. ती वस्तू आहे हे डोक्यातच आलं नाही.

आता सांगावं तर जागा खराब ठरणार, अँटेना बीडला, मी कोयत्यावर, आई माझ्यामागे. न सांगावं तर मॅडम मोठ्या सभेत उभ्या राहून आमच्या कॅनवर भाषण करणार. कॅन दुसऱ्या दिवशी परत स्लॅबवर चढले, कारण अंगणात कुत्री तोंड घालत होती.

गफूरभाई म्हणाले, "नक्को बोल. तेरी नौकरी जाएगी, मेरी धूप जाएगी."

आठ दिवस मी मॅडमचा नंबर काढायचो आणि फोन खिशात घालायचो. नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला, "मोठे सर आणि मी सोमवारी येतोय. स्टेशन ठेवायचं की हलवायचं, सर बघून ठरवणार आहेत."

*

सोमवारी सांगायचंच, असं ठरवून मी पाहुण्यांच्या आधी ऑफिसात आलो. आधी कॅन खाली घ्यायचे, मग सर आले की सगळं कबूल करायचं. वाक्य पाठ केलं होतं.

स्लॅबवर गेलो आणि वरच्या पायरीवरच थांबलो.

सगळा स्लॅब कॅनने भरला होता! राखेने घासलेले, आरशासारखे, रांगेत, मध्ये आमची अँटेना. आणि कमरेवर हात ठेवून नाना उभे.

"कसं हाय?"

"नाना, हे... एवढे?"

"शेजारच्या गावातनं टेम्पो भरून आणले, उसने. आरं, मोठं मानूस येतंय. नऊ कॅन बघून काय म्हनंल? म्हनंल, ह्यांची सोसायटीच मेली, मेलेल्या घरावर मशीन कावून ठिवायचं? तुज्यासाठीच केलंय बे हे सगळं!"

"नाना, कॅन खाली घ्या. पाया पडतो."

"येडा हाय का? पाहुणे आले बघ!"

जीप फाटकात उभी होती. नाना हार घेऊन खाली पळाले.

मोठे सर उंच, कमी बोलणारे. चहा बाजूला ठेवून ते थेट लॅपटॉपसमोर बसले. मॅडम शेजारी, मी मागे. उपग्रह यायला दहा मिनिटं होती. पडद्यावरची रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर. इतकी उडी मी कधीच बघितली नव्हती.

सर म्हणाले, "सूर्यावर काही झालंय का आज?"

मॅडमनी फोनवर बघितलं. त्यांचा चेहरा उतरला. "नाही सर. सगळं शांत आहे."

"मग वर एवढं काय चाललंय?"

पाठ केलेलं वाक्य पार उडालं. दारात नाना हसतमुख उभे, त्यांच्यामागे गफूरभाई मला डोळ्यांनी 'नक्को' म्हणत होते.

"सर," मी म्हणालो, "वर नाही. स्लॅबवर."

सगळे स्लॅबवर आले. ऊन कॅनवरून असं परत येत होतं की सरांनी डोळ्यांवर हात धरला. मी सगळं सांगितलं. टँकर, विसळलेले कॅन, दिवाळीतले चौतीस, अंगणातला एक दिवस, मॅडमना म्हणालेलो "नाही मॅडम". सांगताना मॅडमकडे बघायची हिंमत झाली नाही.

सरांनी माझं रजिस्टर मागितलं आणि उभ्यानेच चाळलं. नाही, नाही, नाही. सात महिने नाही.

"रोज याच कॅनजवळून जात होतास?"

"हो सर."

"मग 'नाही' का लिहिलंस?"

"सर, वस्तू म्हणजे कुणीतरी आणून ठेवलेली, असं वाटलं. हे तर... आमचंच होतं."

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम गफूरभाईंना म्हणाल्या, "रोज किती कॅन होते, लिहिलेलं आहे? म्हणजे त्यांचा उशीर नोंदींतून वजा करता येईल."

"हर रोज का है, मॅडम. पहिल्या दिवसापासून."

सरांनी खिशातून पेन काढलं, रजिस्टर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "आजचं लिही."

मी कॅन मोजले, दोनदा मोजले, आणि त्या रकान्यात लिहिलं: "होय. कॅन ६१. त्यातले ५२ उसने."

सरांनी वाचलं. मॅडमना दाखवलं. नानांनीही वाकून वाचलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "उसने हायेत, हे कावून लिवायचं बे?"

मी सरांना पेन परत देऊ लागलो. त्यांनी घेतलं नाही.

"उद्या किती असतील?"

"नऊ, सर."

"मग उद्या नऊ लिही."